एप्रिलातले स्वेटर

आत्याने कात्री मागितली तेव्हाच मी उठायला हवं होतं.

पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार होते. बालगृहाच्या जेवणघरात फरशीवर सतरा लोकरी स्वेटर ओळीने पसरले होते आणि मुलं होती बावीस. मनकर्णा आत्या आदल्या संध्याकाळीच माढ्याहून आली होती. आईला जाऊन सहा महिने झाले होते, आणि या घरातलं कुठलंही काम आता आपल्यावाचून होणार नाही, हे आत्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. तिने स्वेटर दोनदा मोजले, मुलं एकदा मोजली, आणि मग तिची नजर कोपऱ्यातल्या गोधडीवर गेली. आईने निम्मी शिवलेली ती गोधडी. सुई अजून तिच्यातच होती.

"हितं हायेत की पाच," आत्या म्हणाली. "उसवली की निघतील."

मी गोधडी उचलली, ऑफिसच्या कपाटात ठेवली आणि किल्ली स्वतःजवळ घेतली. आत्याला एवढंच सांगितलं की आत आहेत ते स्वेटर नाहीत, स्वेटरचे तुकडे आहेत. आई बाह्या वेगळ्या करायची, बाजू उसवायची, सगळं सपाट करून मग एकावर एक थर लावायची आणि वरून जुन्या साडीचं कापड घालायची.

"बाह्या काय, परत जोडता येत्यात," आत्या म्हणाली, पण कात्री तिने खाली ठेवली.

या स्वेटरांचा उगम सत्तावीस वर्षांपूर्वीचा. स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला मासेमारीचं एक गाव आहे. तिथल्या छोट्या चर्चने आमचं बालगृह दत्तक घेतलं त्या वर्षी आयलीन नावाच्या बाईंकडून एक पार्सल आलं. त्यात एकच लाल स्वेटर होता आणि सोबत एक पत्र. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी हा विणत होते, तिने लिहिलं होतं. एक बाही राहिली असताना ती गेली. या हिवाळ्यात ती बाही पुरी केली. तुमच्याकडे कुणाला बसला तर कळवा.

आईने कळवलं की बसला. ते खरंच होतं. फक्त मे महिना होता, आणि ज्या मुलीला तो बसला तिने तो पाच मिनिटांत काढून टाकला होता.

पुढच्या वर्षी सहा आले, मग बारा, मग दरसाल वीसेक. सोलापूर किती तापतं हे आईने एकाही पत्रात लिहिलं नाही. तिने खोटंही लिहिलं नाही. जानेवारीतल्या पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला ती सगळ्या मुलांना स्वेटर घालून गच्चीवर उभं करायची आणि आमचा वॉचमन धुळाप्पा फोटो काढायचा. त्या अर्ध्या तासात मुलं खरोखर कुडकुडायची. उजाडलं की स्वेटर उतरायचे आणि आईच्या पेटीत जायचे. तिथून गोधडीत. अठरा वर्षांची होऊन बालगृह सोडणाऱ्या प्रत्येक मुलाला ती एक गोधडी द्यायची. आत काय आहे हे कुणी विचारलं नाही. गोधडीत काय असतं हे कोण विचारतं?

शेवटची तीन वर्षं आईच्या हातात सुई धरायची ताकद नव्हती, म्हणून तेवढेच स्वेटर शाबूत राहिले होते. त्यातले निम्म्याहून जास्त उंदरांनी कुरतडले. उरले सतरा.

आता आयलीन आणि तिचा नवरा डग्लस स्वतः येत होते. आई गेल्याचं आम्ही कळवलं होतं, त्याच्या उत्तरातच तिने लिहिलं होतं की मी शहात्तर वर्षांची आहे, डग्लस एकोणऐंशीचा, आणि ते स्वेटर मुलांच्या अंगावर मला एकदा बघायचे आहेत. सवड होती ती एप्रिलात.

त्या पत्रावर आमच्याकडे जी बैठक झाली तिच्यात पहिला फाटा राजश्री वहिनीने फोडला. वहिनी नर्स आहे. एप्रिलात सकाळी दहाला मुलांना लोकर घातली तर दोन-तीन तरी चक्कर येऊन पडतील, हे तिने शांतपणे सांगितलं. तिचं म्हणणं सरळ होतं: खरं काय ते सांगा, आणि जमलं तर स्वेटरांऐवजी छतावर सोलर बसवून मागा. प्रदीपदादा तिचा नवरा असूनही तिच्या बाजूला गेला नाही. त्याला खरं-खोटं यातलं काहीच दिसत नव्हतं, तांत्रिक अडचण दिसत होती. स्वेटर घालायला थंडी लागते. मग थंडी आणू, असं तो म्हणाला. लग्नसराई असूनही त्याने एका मंगल कार्यालयातून चार मोठे कूलर मिळवले आणि कारखान्यातून बर्फाच्या लाद्या ठरवल्या.

माझे वडील, अण्णा, सगळ्यात शेवटी बोलले. चाळीस वर्षं पाळक म्हणून उभं राहून त्यांनी लोकांना खरं बोलायला सांगितलं होतं, त्यामुळे ते वहिनीची बाजू घेतील असं सगळ्यांनाच वाटत होतं.

"मालतीने सत्तावीस वर्षं जे सांभाळलं," ते म्हणाले, "ते मला एक दिवस सांभाळता येऊ नये?"

यावर वहिनीने ताटं उचलली. मी अण्णांच्या बाजूने होते. निदान तोंडाने तरी. पुण्यात कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते म्हणून, आणि पाहुण्यांचं इंग्रजी घरात दुसऱ्या कुणाला समजण्यातलं नव्हतं म्हणून, उद्या जे काही बोललं जाईल ते माझ्या तोंडून जाणार होतं. आत्या म्हणाली, सुवार्ता हाय म्हनल्यावर काळजी न्हाई, लहानपणापासून ती थोडकं बोलती.

ती रात्र वहिनीने माझ्याशी न बोलता काढली. आम्हा दोघींत आधीच एक गोष्ट होती जी आम्ही कुणाशी बोललो नव्हतो, एकमेकींशीही नाही.

*

सकाळी आठला दादा सभागृहात होता. चार कोपऱ्यांत चार कूलर, प्रत्येकासमोर परातीत बर्फाची लादी, खिडक्यांना ओल्या चादरी. वहिनीने विरोध सोडला नव्हता, पण थर्मामीटर आणला होता. दर दहा मिनिटांनी ती आकडा सांगायची आणि दादा एखादी लादी सरकवायचा. नऊला एकतीस होते. साडेनऊला अठ्ठावीस. पावणेदहाला पंचवीस झाले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर त्याने स्वतःच्या लग्नातही दाखवला नव्हता असा आनंद होता. नंतर त्याने मला सांगितलं की त्या क्षणी कुणासाठी आणि कशासाठी हे तो पूर्ण विसरला होता. त्याला फक्त चोविसावर आणायचं होतं.

पाच स्वेटर कमी होते म्हणून पाच मोठ्या मुलांना आत्याने मफलर बांधून मागच्या रांगेत उभं केलं. धुळाप्पाला माकडटोपी दिली. अण्णांनी बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर घातला, त्यावर टाय. स्वतः आत्याने उंदरांनी कुरतडलेल्यांतला, लहान मुलाच्या मापाचा एक पिवळा स्वेटर कोपरापर्यंत चढवला होता आणि तो तिच्या पाठीत अडकला होता. आईला ती जन्मभर म्हणत आली होती की तू लई मऊ, लोक तुला विकून खातील. त्या सकाळी मात्र ती एकेका मुलाची बटणं इतक्या निगुतीने लावत होती की माझा तिच्यावरचा राग थोडा उतरला.

श्रावणीला लाल स्वेटर दिला. ती नऊ वर्षांची आहे. तो पहिला लाल स्वेटर आईने कुठल्याच गोधडीत घातला नव्हता.

गाडी आली तेव्हा बाहेर सदतीस होते. आयलीन लहानखुरी निघाली. अंगात पातळ सुती झगा, डोक्यावर गवती हॅट. डग्लसचा चेहरा फाटकापासून सभागृहापर्यंतच्या चाळीस पावलांत विटेसारखा झाला. दादाने दार उघडलं, आतून गार वारा आला, आणि आयलीन उंबऱ्यावरच थांबली. आत फारच थंडी आहे, ती म्हणाली.

मी ते अण्णांना सांगितलं. अण्णांनी भिंतीवरच्या बायबलच्या वचनाकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"आमचं सभागृह पहिल्यापासून गार आहे म्हणावं."

मी म्हटलं.

सत्काराची आमची रीत आहे. अण्णांनी डग्लसच्या खांद्यावर सोलापुरी चादर घातली, दुहेरी विणीची, अंगावर घेतली की माणसाला वजन कळतं. ही काढायची कधी ते त्याला कळलं नाही. काढणं हा अपमान होईल असं त्याला वाटलं असावं. तो ती दोन्ही हातांनी धरून पुढच्या खुर्चीत ताठ बसला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला.

मुलांनी गाणं म्हटलं. गाणं संपलं तशी आयलीन उठली आणि रांगेतून चालू लागली. ती मुलांशी फार बोलली नाही. एकेकाच्या मनगटाजवळ बाही किती येते ते बघायची, खांद्यावरची शिवण अंगठ्याने चाचपायची आणि हळूच काहीतरी पुटपुटायची. ते फक्त मला ऐकू येत होतं. हा वादळाच्या महिन्यातला. हा माझा हात मोडला त्या वर्षीचा, म्हणून टाके सैल आहेत. श्रावणीसमोर ती थांबली. लाल बाहीला तिने हात लावला नाही. नुसती बघत राहिली. श्रावणीने तिला आधी शिकवून ठेवलेलं 'थँक यू' म्हटलं आणि मग कुणी न शिकवलेलं नाक पुसलं, त्याच बाहीला.

तेव्हा वीज गेली.

कूलर एकामागून एक मंदावत थांबले. इतकी शांतता झाली की परातींतून बर्फाचं पाणी गळताना ऐकू येत होतं. दादा दाराकडे धावला. नेमका त्याच वेळी डग्लस प्रार्थनेला उभा राहिला. सगळ्यांनी डोळे मिटले आणि आता कुणाला हलता येईना. डग्लसने आईसाठी देवाचे आभार मानले, मग बालगृहासाठी, मग सोलापुरातल्या विणकरांसाठी, मग उत्तरेकडच्या समुद्रावर गेलेल्या सगळ्या होड्यांसाठी, एकेकीचं नाव घेऊन. खिडक्यांवरच्या चादरी वाळल्या. मला घामाचा वास येऊ लागला, लोकरीत मुरलेल्या घामाचा, ओल्या मेंढरासारखा. मी एक डोळा किलकिला केला. बावीस मुलं लालबुंद होऊन, हात जोडून, पुतळ्यांसारखी उभी होती. वहिनी मागच्या रांगेत फिरत सगळ्यांच्या कपाळाला उलटा हात लावून बघत होती. आत्याच्या पिवळ्या स्वेटरचा रंग पाठीवर वेगळाच झाला होता.

'आमेन' झालं तसा धुळाप्पा माकडटोपीत आत आला.

"साहेब, दोन तास तरी लाईट येनार न्हाई म्हनत्यात."

आयलीनने विचारलं हे काय म्हणतात. मी म्हटलं, तुमचं स्वागत करतायत.

मागून वहिनीचा आवाज आला, हळू, मराठीत. "सुवार्ता, आता पुरे."

मी तिच्याकडे बघितलं नाही. आयलीन अण्णांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती आणि पर्समधून काहीतरी काढत होती. लोकरीचा छोटा गुंडा होता, निळा. तीन वर्षांपूर्वी मालतीसाठी मी एक विणला होता, ती म्हणाली. सत्तावीस वर्षांत मोठ्या माणसासाठी तेवढाच एक. ही उरलेली लोकर आहे, कोपर विरलं असेल तर दुरुस्तीला म्हणून आणली. तो कुठे आहे? मला बघायला मिळेल का?

मी हे मराठीत सांगितलं आणि तिघं एकदम बोलले.

अण्णा म्हणाले, धोब्याकडे आहे. आत्या म्हणाली, डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवलाय, किल्ली माढ्याला ऱ्हायली. नुकताच घाम पुसत आत आलेला दादा म्हणाला, महाबळेश्वरच्या पाळकीणबाईंना दिला, त्यांच्याकडे थंडी असते ना.

मग तिघंही माझ्याकडे बघू लागले. यातलं कुठलं सांगायचं ते मी निवडणार होते. आयलीन वाट बघत होती. हातातला गुंडा तिने गुडघ्यावर ठेवला होता. एवढ्या लांबून ती खरोखर कशासाठी आली होती ते मला तेव्हा दिसलं. मुलांच्या अंगावरचे स्वेटर तिने बघितले होते, त्यांचे घामेजलेले चेहरेही बघितले होते, आणि तिला काहीतरी कळायला लागलं होतं. ती आता एवढंच विचारत होती की एक तरी कुणी घातला का.

मी इंग्रजीतच बोलले. मराठीत मला ते जमलं नसतं.

निळा स्वेटर आईच्या अंगावर आहे, मी म्हटलं. ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे पंखा लावूनही झोप येत नाही. दवाखान्यात शेजारच्या खाटांवरचे लोक ओल्या पंच्याने अंग पुसत होते, आणि आईला थंडी वाजत होती. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी झालं की असं होतं. अकरा दिवस तो तिच्या अंगावर होता. ती गेल्यावर तो काढायला माझा हात धजला नाही. वरून पांढरी साडी नेसवली.

"बटणं मी लावली," वहिनी पुढे येऊन म्हणाली. तिचं इंग्रजी वॉर्डातलं आहे, तेवढ्यापुरतं चोख. "सहा. सगळी."

आयलीनने एकच विचारलं.

"तो तिने मागितला, की तुम्ही घातला?"

"मागितला," मी म्हटलं. "नाव घेऊन. आयलीनचा निळा दे म्हणाली."

तिने मान हलवली. गुंडा परत पर्समध्ये ठेवला. अण्णा सारखे माझ्या बाहीला ओढत होते, काय झालं, काय सांगितलंस. वहिनीनेच त्यांना सांगितलं. इतक्या दिवसांनी, कानाजवळ वाकून. आत्याने ऐकलं आणि तोंडाला पदर लावायला गेली, पण पिवळ्या बाहीमुळे हात वर पोचला नाही.

अण्णांनी माझी बाही सोडली.

"मला शवपेटीत ती जरा भरल्यासारखी वाटली होती," ते म्हणाले. "म्हटलं, चला."

*

आयलीन श्रावणीकडे गेली, गुडघ्यावर बसली आणि लाल स्वेटरची बटणं काढू लागली. वरून खाली, घाई न करता. ते बघून बाकीच्या मुलांनी कुणाच्या हुकुमाची वाट बघितली नाही. अर्ध्या मिनिटात फरशीवर लोकरीचा ढीग झाला आणि मुलं बनियनवर नळाकडे पळाली. डग्लसने अण्णांकडे बघत चादरीला हात लावला. अण्णांनी मान डोलावली, तेव्हा कुठे त्याने ती उतरवली. मग अण्णांनी आपला स्वेटर काढला. टाय तसाच राहिला.

इथे नेहमीच इतकं गरम असतं का, आयलीनने विचारलं. वहिनी म्हणाली, आज कमी आहे.

मग बाकीचे कुठे गेले, हे तिने विचारलंच. मी ऑफिसात गेले, कपाट उघडलं आणि गोधडी आणून तिच्या मांडीवर ठेवली. माझ्याजवळ आईच्या हातची ही शेवटची वस्तू होती आणि ती मी कुणाच्या हातात देईन असं त्या सकाळपर्यंत मला वाटलं नव्हतं.

ती वरच्या साडीच्या कापडावरून बोटं फिरवू लागली. आंधळं माणूस चेहरा ओळखतं तशी. एका जागी बोटं थांबली. आतून वेणीसारखी वीण वर आली होती. ही मी ओळखते, ती म्हणाली. पुढे सरकली. हीसुद्धा. डग्लसला तिने बोलावून हात ठेवायला लावला. त्याला काही कळलं नसावं, पण त्याने ओळखल्यासारखं केलं.

"आमच्याकडे थंडी असते," आयलीन म्हणाली. पुढचं तिने माझ्याकडे न बघता विचारलं. "ही मी नेली तर?"

मी म्हटलं, निम्मी राहिलीय. ती म्हणाली, मग मी पुरी करीन, एक बाही राहिलेली मी याआधी पुरी केली आहे. टाका कसा घालायचा तेवढं दाखव.

मला येत नव्हता. आईने दोनदा शिकवायला घेतला होता आणि दोन्हीदा मला काहीतरी वाचायचं होतं.

आत्या पुढे आली. पिवळा स्वेटर वहिनीने आणि मी ओढून काढला तेव्हा ती लहान मुलीसारखी हात वर करून उभी राहिली होती. मग फरशीवर मांडी घालून बसली, आयलीनला शेजारी बसवून घेतलं, सुई कापडातून मोकळी केली आणि चार टाके घालून दाखवले. आयलीनने चार घातले. दोघी वाकून बघू लागल्या. बाहेर नळावर मुलांचा गलका चालू होता. दादा वितळलेल्या बर्फाच्या पराती एकेक करून बाहेर नेत होता.

आत्याने आयलीनचे चारही टाके उसवले.

"सुवे, सांग तिला. वाकळ हाय ही, पोतं न्हाई. लई लांब टाका घालती म्हनावं."

दिवसभरातलं तेवढं एकच वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं.